बास, या

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. भुताखेतांच्या गोष्टींची मी कायम टर उडवायचो. आता नाही उडवत.

रात्र नव्हती. भर दुपार होती. आणि जागा म्हणजे कोरा करकरीत बंगला, रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता.

मी घरोघरी कॅमेरे आणि अलार्म बसवतो. सोबत माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान.

आमची एक पद्धत आहे. खोल्यांत सेन्सर लावले की एकजण मुख्य दाराजवळ पॅनलपाशी थांबतो आणि दुसरा घरभर फिरतो. तो ज्या खोलीत शिरेल तिचा दिवा पॅनलवर पेटतो. पॅनलवाला "बास, या" म्हणेपर्यंत त्याने फिरत राहायचं.

एक लक्षात ठेवा... हा सेन्सर अंगाची ऊब ओळखतो. नुसता पडदा हलला तर तो ढिम्म असतो.

भाऊजी आत गेले. मी पॅनल चालू केलं.

स्वयंपाकघराचा दिवा पेटला. मग बेडरूमचा. मग मुलांच्या खोलीचा.

तो पेटलेलाच राहिला...

"भाऊजी, डुलकी काढताय का?" मी ओरडलो.

उत्तर नाही. सकाळी ड्रिलवरून आमची जुंपली होती. अजून फुगून बसलेत, असं वाटून मला हसू आलं.

"बास, या!"

मुलांच्या खोलीचा दिवा विझला. पॅसेजचा पेटला. मग हॉलचा...

हॉल माझ्या डोळ्यांसमोर होता.

रिकामा.

"कुणाला हाका मारतोयस?"

मी दचकून मागे वळलो. मुख्य दारात भाऊजी उभे होते. हातात स्क्रूचा डबा.

"तुम्ही... आत होतात ना?"

"छे रे. स्क्रू संपले म्हणून मागच्या दाराने लगेच गाडीकडे गेलो. काय झालं?"

मी पॅनलकडे बोट दाखवलं. हॉलचा दिवा अजून पेटलेला होता. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात तो विझला.

दाराजवळचा दिवा मात्र पेटला होता. साहजिकच, तिथे आम्ही उभे होतो.

आम्ही दोघंच... असं तेव्हा मी धरून चाललो.

आम्ही सगळं घर पालथं घातलं. खिडक्यांना गज, मागच्या दाराला भाऊजींनी घातलेलं कुलूप. कुणी नाही.

माझ्या घरीही तसंच पॅनल आहे. माझ्या लेकीचा तो लाडका खेळ. ती खोल्याखोल्यांतून धावते, मी खोलीचं नाव ओरडतो. आणि मी "बास, ये" म्हटलं की ती पळत येऊन माझ्या अंगावर उडी मारते. तोवर बाहेर येत नाही. नियम म्हणजे नियम.

त्या संध्याकाळी ती हट्टालाच पेटली. बायको भाजी आणायला गेली होती. घरात आम्ही बापलेकच.

"बेडरूम!" मी ओरडलो. आतून ती खुदकन हसली.

आणि स्वयंपाकघराचा दिवा पेटला...

बेडरूमचाही चालूच होता.

मी "बास" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी बोलावलं, तर माझ्याकडे नुसती पोर येणार नव्हती. बंगल्यात मी कुणाला बोलावलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी तसाच धावलो. स्वयंपाकघराच्या दारावरून जाताना मान वळवली नाही. तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि बाहेर आलो.

"बाबा, तू बोलावलंच नाहीस!" ती रडवेली झाली. "ही चीटिंग आहे!"

मी पॅनल पाहिलं. बेडरूमचा दिवा विझला होता.

स्वयंपाकघराचा तसाच होता. हाकेची वाट बघत असल्यासारखा.

त्याला बरेच दिवस झाले. भाऊजींनी हे काम सोडलं. आमच्या घरात "ये" हा शब्द मी उच्चारत नाही, लेकीला हाताला धरून आणतो. बोलावणं मला जमलं. परत कसं पाठवायचं, ते ठाऊक नाही. कुणाला विचारू?

बायको म्हणते, "तुमच्या जिवाला घोर लावणारं ते पॅनल काढून टाका ना एकदाचं."

काढेन. पण मग ते कुठल्या खोलीत आहे, हे मला कळणार कसं?