पांढऱ्या पट्ट्यावरची जागा

दिवा थोडा इकडे सरकव आणि बस. एवढ्या चांगल्या घरात पडूनही मी वाळत का चाललेय, असं तू मघाशी विचारलंस. तू धाकटी असलीस तरी सख्खी बहीण, म्हणून सांगते. दुसरं कुणी ऐकलं तर म्हणेल, हिला सवतीनं झपाटलं. सवत होती खरी, पण मी लग्न होऊन आले तेव्हा तिला जाऊन वर्ष उलटलं होतं.

आमचा गोठा मोठ्या रस्त्याच्या अलीकडे आणि कुरण पलीकडे. अठ्ठावीस गायी सकाळी धारा झाल्या की पलीकडे न्यायच्या, दिवस कलला की परत आणायच्या. काम दिसतं तेवढं सोपं नाही. डांबरावर खूर घसरतात म्हणून आधी रेती पसरायची. गायींची लांबलचक रांग होऊ द्यायची नाही, कडेला घोळका करून थांबवायचा आणि सगळ्या एका दमात काढायच्या. हे लाल झेंडा घेऊन वळणावर उभे राहतात, कारण तिकडून येणारी गाडी दिसत नाही. दुसरी बाजू सरळ आहे. तिकडचा तिसरा विजेचा खांब दिसला तरच गायी काढायच्या. धुक्यात तो दिसला नाही तर गायी दुपारपर्यंत दावणीला राहिल्या तरी चालतील. हा नियमही त्या सवतीनंच घालून दिलेला.

पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आलं. गायी रस्त्याच्या मध्यावर आल्या आणि पांढऱ्या पट्ट्यावर एका ठिकाणी दोन्हीकडे फाकल्या. एक माणूस उभं राहील एवढी जागा मोकळी सोडून पुढे पुन्हा एक झाल्या.

"असं का करतात?" मी ह्यांना विचारलं.

"ती तिथं उभी राहायची. सवय लागलीय त्यांना."

त्याच जागी टँकरनं तिला उडवलं, हे मला सासूबाईंकडून कळलं.

सवय म्हणून मीही सोडून दिलं. पण तिच्यामागे जन्मलेल्या कालवडी रस्ता ओलांडायला लागल्या, त्याही त्या जागेला वळसा घालून जायला लागल्या. एकदा एक कालवड मागे राहिली होती, बघून शिकायला पुढे कुणीच नव्हतं. तीसुद्धा पट्ट्याशी आली, थबकली, मान खाली घालून बाजूनं गेली.

मला भीती वाटायला हवी होती गं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसं त्या घरात चालायचं. ती धार काढायची तेव्हा फेस बादलीबाहेर यायचा. ती हाक मारायची तेव्हा कुरणातून गायी धावत यायच्या. म्होरकी, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारी ती तांबडी गाय, मला धारेला बसू द्यायची नाही. ह्यांचं तर विचारूच नकोस. वाईट वागायचे नाहीत, पण पाहुण्या बाईशी बोलावं तसं बोलायचे. जिवंत सवत असती तर झिंज्या धरून भांडले असते. हिच्याशी भांडू कुठे? तिची एकच जागा मला ठाऊक होती, म्हणून ती घ्यायची असं मी ठरवलं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी धुकं इतकं दाट होतं की वळणावर गेलेले हे मला दिसेनासे झाले. नुसता आवाज आला.

"खांब दिसतोय का?"

पहिला खांबही दिसत नव्हता. पण असं धुकं पुन्हा कधी मिळायचं? उजेडात मला तिथं उभं राहू दिलं नसतं. मी ओरडले, "दिसतोय."

सासूबाईंनी फाटक उघडलं. मी दुसरा झेंडा घेऊन पट्ट्यावरच्या त्या जागी जाऊन उभी राहिले. आधी काहीच नाही. मग खुरांचा आवाज आला, रेतीवर कर्रकर्र, आणि गायींच्या उबदार श्वासांचा वास. त्यात दुसराही एक वास होता, कुठल्याशा साबणाचा. आमच्या घरी तो साबण येत नाही.

म्होरकी धुक्यातून पुढे आली. मला वाटलं, आता ढुशी देणार. तिनं माझं मनगट हुंगलं... आणि चाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग गायी माझ्या दोन्ही बाजूंनी जायला लागल्या, अगदी अलगद. मला इतका आनंद झाला की झेंडा हातात आहे हेच मी विसरले.

तेवढ्यात कुणीतरी माझा हात कोपरापाशी धरला आणि वर उचलला. उंच, डोक्याच्याही वर. हात थंड होता, आणि घाईत नव्हता.

सरळ बाजूच्या धुक्यातून दोन दिवे आले. ब्रेक किंचाळले. ट्रक माझ्यापासून चार पावलांवर थांबला.

"बाई," चालक खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला. "झेंडा... झेंडा वर झाला म्हणून दिसलात..."

मी मागे वळून पाहिलं. मागे शेवटची गाय पलीकडे उतरत होती, बाकी धुकं. आणि खरं सांगू? जीव वाचला याचं मला सुख झालं नाही. हिचे उपकार घ्यायची वेळ आली, हेच मनात सलत राहिलं.

संध्याकाळी म्होरकीनं मला धार काढू दिली. बादली भरली. सासूबाई बघतच राहिल्या. मी जिंकले असं मला वाटलं.

रात्री जेवताना हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "माझं घड्याळ कुठे ठेवलंस गं?"

'गं' म्हणाले. इतक्या सहज, की माझा घास हातातच राहिला. आणि माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं. "गव्हाणीच्या मागची तळातली वीट सैल आहे, तिच्या आत. ते बघून सारखी घाई करता ना, म्हणून लपवलं."

हे उठले, गोठ्यात गेले आणि घड्याळ घेऊन आले. ती गेली त्या दिवसापासून ते सापडत नव्हतं, असं सासूबाई पुटपुटल्या. तसं कुठलं घड्याळ आहे हेदेखील मला माहीत नव्हतं.

ह्यांनी घड्याळावरची माती पुसली, ते मनगटावर बांधलं आणि माझ्या डोळ्यांत बघून हसले. ज्या हसण्यासाठी मी तीन वर्षं झुरले, तेच ते हसणं. तेव्हापासून हे रोज तसे हसतात. मला जवळ बसवून घेतात, माझ्याशी रात्र रात्र बोलतात.

आणि ज्या बाईकडे बघून हे हसतात, तिचा मला इतका हेवा वाटतो गं, की अन्न गोड लागत नाही.