सातवा कप्पा

पाऊस चुकवायला लोक कुठेही शिरतात, पण चष्म्याच्या दुकानात सहसा नाही. डोळे तपासायच्या खोलीतून ती बाहेर आली, तेव्हा तो दारात निथळत उभा होता. स्वतः चिंब भिजला होता आणि तळहाताएवढा कॅमेरा मात्र हिरव्या स्वेटरच्या आत जपून धरला होता.

“तपकिरी असला तरी स्वेटर कामाचा आहे,” तो म्हणाला. “कॅमेरा कोरडा राहिला.”

तिनं स्वेटरकडे पुन्हा एकदा बघितलं. हिरवाच होता.

“आलाच आहात, तर डोळे तपासून घ्या,” ती म्हणाली. धंद्याची सवय, दुसरं काही नाही... निदान तेव्हा तरी नव्हतं.

अक्षरं त्यानं धडाधड वाचली. मग तिनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.

“ठिपक्यांत कुठला आकडा दिसतो?”

“आकडा आहे का यात?”

तिनं पान उलटलं. तिथेही तेच.

“लाल आणि हिरव्यात तुमचा—”

“घोळ होतो. माहीत आहे. चित्रकलेच्या तासाला तपकिरी झाडं काढून मार खाल्लाय मी.” तो हसला. “तरी पोटासाठी फोटोच काढतो. हसा हवं तर.”

तिला हसू आलं नाही. तिनं पुस्तक मिटून ठेवलं.

त्याच्या कॅमेऱ्यात फिल्म सिम्युलेशन होतं, म्हणजे जुन्या रिळांच्या रंगांची नक्कल. एक भडक, एक विटकं, एक चेहऱ्यांसाठी मऊ, एक कृष्णधवल. त्यात छटा आपल्या हातानं कमीजास्त करायच्या आणि जमलेलं सेटिंग सात कप्प्यांपैकी एकात साठवायचं. गिऱ्हाइकं रंगीत फोटो मागत आणि रंग जमले की बिघडले, हे याला कळत नसे.

“तुमचे डोळे उसने द्याल?” त्यानं विचारलं. इतकं सरळ मागितल्यावर ती नाही कशी म्हणणार!

मग रोज दुपारी दोघं दुकानामागच्या जिन्यावर बसू लागली. हिवाळा नुसता रडका होता. सूर्य जणू बिनपगारी रजेवर गेला होता.

“हे बघा, जमलं?”

“फोटोतल्या काकूंना कावीळ झालीय. निळं वाढव.”

“आता?”

“आता गारठल्या बिचाऱ्या. एक पायरी मागे.”

“फार कडक आहात, डॉक्टरीणबाई!”

“डॉक्टरीण नाहीये मी. आणि... तू म्हण ना.”

कॅमेरा देता-घेता बोटांना बोटं लागत. दोघंही मग उगाचच स्क्रीनकडे बघत राहत.

तीन महिन्यांत सहा कप्पे भरले. ट्यूबलाइटचा एक, धुक्याचा एक, ढगाळ दुपारचा एक... सातव्यात मात्र त्यानं आधीपासून कृष्णधवल ठेवलं होतं आणि तिचे फोटो तो फक्त त्यातच काढायचा. तिनं शेंदरी स्वेटर घातला, गर्द निळा स्कार्फ घेतला, लालचुटुक कानातले घातले. फोटोत सगळं राखाडी! तिला ते फार लागायचं.

तशात दुकानाच्या मालकांनी तिला दुसऱ्या शहरातली नवी शाखा देऊ केली. शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं.

“तो काही बोललाय का?” घरी ताईनं विचारलं. “नाही ना? मग कशाच्या भरवशावर थांबतेस? हो म्हणून टाक.”

त्याच्या एका शब्दावर ती थांबली असती. जिन्यावर तिनं त्याला सांगितलं, तर तो “अभिनंदन” म्हणाला आणि आधीच स्वच्छ असलेली लेन्स पुसत बसला. शुक्रवारी तिनं सही केली.

शेवटच्या दुपारी त्यानं एक पाकीट पुढे केलं. आत तिचे अकरा फोटो, सगळे कृष्णधवल. तिचा धीर सुटला.

“एकसुद्धा रंगीत नाही? जगाचे गाल गुलाबी करून दिले मी, आणि माझ्या वाट्याला राख? मूळ फाइल तरी असेल ना, रंगांची?”

“नाही. रंग ठेवलेच नाहीत मी.”

“का पण?”

त्यानं पाकिटातला वरचा फोटो हातात घेतला.

“तुझा तो शेंदरी स्वेटर... मला चिखलाचा दिसतो. रंगात तू जगाला एक दिसतेस आणि मला दुसरीच. कृष्णधवलमध्ये मात्र जी तुला दिसते, तीच मला दिसते. तेवढीच तू मला पुरती मिळतेस.” त्यानं मान खाली घातली. “आवडतेस तू मला. फार.”

“हे शुक्रवारच्या आधी सांगता येत नव्हतं?”

“तुझ्या ओठांचा रंगही मला धड माहीत नाही... कुठल्या तोंडानं थांब म्हणू?”

“डोळे उसने दिले होते ना मी?” ती रडत होती. “परत मागितले का कधी?”

तिनं त्याच्या हातून कॅमेरा घेतला, ढगाळ दुपारचा कप्पा लावला आणि त्याचा फोटो काढला.

“हा रंगीतच ठेव. आणि तुझा स्वेटर हिरवा आहे. सांगितलं नाही, कारण छान दिसतो तुला. सांगितलं असतं तर तू घातला नसतास.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. सही झालेली होती, ती काही पुसता येत नव्हती.

नव्या शहरातही आभाळ तसंच कुंद होतं. दोन आठवडे त्याचा काहीच निरोप नव्हता. मग एका सकाळी फोन वाजला. फोटो नव्हता, नुसतेच शब्द.

“इथे ऊन पडलंय. उन्हाचं सेटिंग आपण केलंच नव्हतं. सातवा कप्पा रिकामा केलाय.”

तिनं तीनदा वाचलं, डोळे पुसले आणि उत्तर लिहिलं.

“रविवारी येते. तोवर कशाला हात लावू नकोस. हिरवा स्वेटर घाल.”