ठेका चुकवणारी चाचणी

अण्णांच्या दुकानात सदतीस हातोडे होते, भांडं टेकवून ठोकायचे नऊ लोखंडी खुंट, चार लाकडी मोगऱ्या आणि अर्धी मठारलेली एक घागर. मैथिलीने दोनदा मोजून खात्री केली. मठारणं म्हणजे हातोड्याचे एकसारखे ठोके शेजारी शेजारी देत तांबं घट्ट करणं. घागरीवर ठोक्यांच्या अकरा ओळी होत्या. बाराव्या ओळीत सात ठोके, आणि पुढे कोरं तांबं.

“अण्णा, ही अर्धीच का सोडली?” तिने आजोबांच्या कानाशी ओरडून विचारलं.

“ओरडू नकोस गं. आवाज येतो. शब्द लागत नाहीत, एवढंच.” अण्णांनी घागरीवर टिचकी मारली. “चांगलं भांडं लांब, बारीक गातं. चीर असली की बसका आवाज येतो. आता मला दोन्ही सारखेच. मागल्या वर्षी चिरलेला बंब माझ्या हातून विकला गेला. त्या दिवशी हातोडा ठेवला.”

मग ते आळीकडे बघत राहिले. “बावीस दुकानं होती इथे. डोळे मिटून, नुसत्या ठोक्यांवरून सांगायचो, हा दामूचा हात, हा बाबूरावांचा. बाबूराव चिडलेले असले तर तेसुद्धा कळायचं!”

मैथिलीला कोडं पडलं. वरून मालवाहू ड्रोन घुमत गेलं की अण्णा मान वर करत, पण शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी हलत नसत. कान बिघडला असेल तर दोन्ही आवाज बंद व्हायला हवेत ना?

हाच प्रश्न तिने श्रवण संशोधन केंद्रातल्या डॉ. हेमलता सबनीसांना विचारला. तिथे मोठ्या माणसांसाठी नव्या उपचाराचा प्रयोग सुरू होता. एकच जागा उरली होती, आणि यादी संध्याकाळी बंद होणार होती.

“आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते,” डॉक्टर म्हणाल्या. “तिच्यात केशपेशी (टोकाला अतिसूक्ष्म तंतू असलेल्या पेशी) असतात. आवाजाने तंतू हलतात आणि मेंदूला निरोप जातो. बारीक, उंच आवाजांच्या पेशी नळीच्या दाराशी, जाड आवाजांच्या आत खोलवर. वर्षानुवर्षं मोठा आवाज ऐकला की दाराजवळच्या आधी मरतात.”

“म्हणून ड्रोन ऐकू येतं आणि शिट्टी नाही!”

“बरोबर. शब्दांतले ‘स’, ‘श’ही उंच आवाजाचे, म्हणून बोलणं अस्पष्ट वाटतं. पक्ष्यांच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी शेजारच्या आधारपेशी नव्या पेशी तयार करतात. आपल्या आधारपेशी झोपून असतात. आमचं औषध त्यांना जागं करतं.”

प्रवेशाची अट एकच होती. उंच स्वर ऐकू यायला पन्नास डेसिबलपेक्षा (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) जास्त जोर लागला पाहिजे. आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी.

अण्णा काचेच्या खोलीत बसले. कर्णिका नावाचा यंत्रमानव दर तीन सेकंदांनी एक स्वर सोडत होता. पहिला मोठा, पुढचा त्याहून हळू. ऐकू आला की अण्णांनी कळ दाबायची. स्वर सुटला की बाहेर निळा दिवा लागे.

“उजवा कान, वीस डेसिबल,” कर्णिकाने जाहीर केलं. “श्रवण उत्तम. उपचाराची गरज नाही.”

“बघ, कर्णिकाबाई म्हणतात, कान तरुण आहे!” अण्णा हसले. मग त्यांनी टोपी उचलली आणि ती हातात नुसतीच फिरवत बसले. “चल घरी. घागर मोडीत देऊन टाकू.”

“थांबा!” मैथिली दाराशी आडवी झाली. “डॉक्टर, स्वर संपले, दिवा लागायचा थांबला, तरीही अण्णांनी दोनदा कळ दाबली. आणि दर वेळी त्यांचा डावा हात मांडीवर बोटभर सरकत होता. दोन ठोक्यांमध्ये ते भांडं असंच फिरवायचे.”

डॉक्टरांनी नोंद उघडली. कळ दर तीन सेकंदांनी दाबलेली होती, एकदाही न चुकता.

“म्हणजे मी खोटं बोललो?” अण्णा ओशाळले. “मला तर वाटलं, येतंय ऐकू.”

“खोटं नाही. मोठे स्वर कानाने ऐकलेत, पुढचे हाताने मोजलेत. पंचेचाळीस वर्षांचा ठेका आहे तो, मेंदूने रिकाम्या जागा भरून काढल्या. चूक आमची. समान अंतर ठेवायला नको होतं.”

दुसऱ्या चाचणीत अंतर वेडंवाकडं होतं. कधी दोन सेकंद, कधी नऊ. अण्णा गोंधळले, चिडले, “ही बाई ताल सोडून वाजवते!” म्हणाले. उत्तर आलं, बहात्तर डेसिबल.

“एवढा मोठा आकडा! आनंद मानायचा?”

“आज मानायचा,” मैथिली म्हणाली.

शेवटची जागा अण्णांना मिळाली. औषध उजव्या कानात सोडलं गेलं. नव्या पेशींचे निरोप ओळखायला मेंदूलाही शिकावं लागतं, म्हणून मैथिली रोज अर्धा तास त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. अण्णा मध्येच अडवत, “नीट वाच, शेवट गिळू नकोस.” तांबटकाम करणाऱ्या त्यांच्या पुतण्याने आता हातोडा उचलण्याआधी कानांवर संरक्षक टोप्या चढवायला सुरुवात केली. प्रयोग यशस्वी होऊन डाव्या कानावरही उपचार करायची परवानगी मिळाली, तर चाळिशीनंतर डोळ्यांसारखी कानांचीही तपासणी सर्वांना सुचवायची, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं.

आठ महिन्यांनी कर्णिकाने तीच वेड्यावाकड्या अंतराची चाचणी पुन्हा घेतली.

उजवा कान, उंच स्वर: आधी बहात्तर डेसिबल, आता एक्केचाळीस.