पाण्याआधी पोचणारे

लोकांच्या घरात पाणी शिरलं की आमची चूल पेटते. ऐकायला बरं वाटत नाही, पण डॉक्टरचंही तसंच असतं आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही.

मी बरीच वर्षं विम्याच्या कामात सर्व्हेअर होते. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं, फुगलेली कपाटं पाहायची आणि पाणी नेमकं कुठून आलं ते ठरवायचं, एवढंच काम. माणसं खोटं बोलतात, भिंत बोलत नाही. ओल वरून उतरली की खालून चढली, हे मला भिंतीकडे पाहून सांगता येतं. शहरात पूर आला त्या वर्षी मी आणि माझा धाकटा भाऊ अंकुश यांनी मिळून स्वतःचं काम सुरू केलं. नळ फुटला, घरात पाणी भरलं, कूलरची मोटर जळून खोली काळी झाली, की आम्ही पंप, ब्लोअर आणि हवेतला ओलावा ओढणारी मशीन घेऊन जातो आणि घर पुन्हा राहण्याजोगं करून देतो. नागपुरात सदरला एका चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे.

पूर ओसरला तसं कामही ओसरलं. आणि मग मे महिना आला. मे महिन्यात अख्खं नागपूर पाणी मागत असतं, ते काढून टाका म्हणून फोन कोण करणार? अंकुशला पुण्यात नोकरी चालून आली होती. "पावसाळ्यापर्यंत काम नाही भेटलं तं मी जातो ताई," असं त्यानं सांगून ठेवलं होतं.

तो गेला असता तर धंदा बुडाला असता, त्याचं मला फार वाटत नव्हतं. मला बाबांची काळजी होती. लकवा मारल्यापासून त्यांची डावी बाजू गेलेली आहे. उन्हाळ्यात त्यांची गादी हॉलमध्ये खाली फरशीवर असते, कूलरसमोर. फरशी गार लागते आणि खाटेवरून पडायची भीती नाही. पण त्यांना उचलायला अंकुशच लागतो. आईला आणि मला ते झेपत नाही. दुपारी काहीही काम असलं तरी अंकुश प्रताप नगरला घरी जाऊन बाबांना उठवतो, बसवतो, पुसतो आणि परत येतो. तो पुण्याला गेल्यावर काय, हा प्रश्न घरात कोणी विचारत नव्हतं. मला मात्र तो दिवसभर ऐकू यायचा.

म्हणून मी गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्यांच्या मागे लागले. आमच्या धंद्यात अशा कंपन्या असतात. घाबरलेला माणूस मोबाईलवर 'घरात पाणी शिरलं, काय करावं' असं शोधतो, फोन त्यांना लागतो आणि ते त्याचं नाव-पत्ता आमच्यासारख्यांना विकतात. त्याला लीड म्हणतात. पहिली कंपनी एकच लीड चार-पाच जणांना विकायची. जो आधी पोचेल त्याचं काम. आम्ही सदरच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याचे ब्लोअर सुरू झालेले असायचे. दुसरी कंपनी फक्त आम्हालाच लीड द्यायची, पण ती शिळी असायची. एकदा तर गेलो तेव्हा घरमालकानं रंगसुद्धा मारून घेतला होता. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मी दुसरी धरून ठेवणार, तेवढ्यात तिसऱ्याचाच फोन आला.

"ताई, मी वामनराव बोलून राहिलो. तुमाले काम पाहिजे न?"

स्वतःच्या नावाला स्वतःच 'राव' लावणारा माणूस मला जरा गमतीचाच वाटतो. मी कंपनीचं नाव विचारलं.

"नावाचं काय घेऊन बसल्या? मी एका घरी एकालेच पाठवतो. करून पाहा. आवडलं तं पुढं."

"लीड कुठून मिळते तुम्हाला?"

मी कान दिला. त्याच्यामागे पंखा नव्हता, कूलर नव्हता, रस्ता नव्हता. रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलल्यावर येतो तसा घुमारा फक्त होता.

"तुमी पहिले पोचा. पहिले पोचणं, हाच तं धंदा हाये. एरिया कोणता देऊ?"

अंकुशला दुपारी घरी जाता यावं म्हणून मी सांगितलं, "प्रताप नगर आणि आसपास. धरमपेठ, सदर चालेल."

पहिलं घर धरमपेठेतलं. रस्ते ओस पडलेले, झाडाखाली एक कुत्रं जीभ काढून पडलेलं. देवकीबाई नावाच्या सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या. चहा ठेवलाच आहे."

घर खडखडीत कोरडं होतं. पण सतरंजी गुंडाळून टेबलावर ठेवलेली, चपला खिडकीत, वर्तमानपत्रांचा गठ्ठा फ्रिजवर.

"पाणी कुठं आलंय?" मी विचारलं.

"तुमच्याच माणसाचा फोन आला होता न? आमची माणसं येतात, सामान वर घेऊन ठेवा म्हणाला." एवढं बोलून त्या दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या.

चहा संपायच्या आत स्वयंपाकघराच्या दाराखालून पाणी आलं. आवाज नाही, काही नाही. भिंतीतला टाकीचा पाइप सांध्यात सुटला होता. अंकुशनं पंप लावला, ब्लोअर लावले, आणि संध्याकाळपर्यंत त्या घरात ओलीचा वाससुद्धा उरला नाही. देवकीबाईंनी शेजारपाजारच्यांना बोलावून आमचं कौतुक केलं. परत येताना अंकुश गुणगुणत गाडी चालवत होता. मलाही आनंद झाला होता, का नाही म्हणू? पाइप जुना होता. वामनरावाचा कोणी प्लंबर ओळखीचा असेल आणि त्यानं आधीच पाहून ठेवलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

थोड्या वेळानं फोन आला. "पोचल्या होत्या न, ताई?"

"पोचलो."

"बस मंग."

दुसरं घर सदरमध्ये, वरच्या मजल्यावर, नत्थूजी नावाच्या रिटायर्ड गृहस्थांचं. त्या दिवशी त्या भागात पाण्याची लाइन बंद होती. टाकी कोरडी, आंघोळ झाली नाही म्हणून नत्थूजी कुरकुरत होते. पण चहा तयार होता आणि गाद्या कपाटावर चढवलेल्या होत्या. आम्ही बसलो. मी या वेळी कप हातात न घेता फरशीकडे पाहत राहिले.

पाणी हॉलच्या मधोमध आलं. दोन फरश्यांच्या फटीतून, घाम येतो तसं आधी, मग सरळ वाहायला लागलं. मी गुडघ्यावर बसून बोट लावलं. मे महिन्यात नागपूरच्या नळाला हात लावला तर पोळतो. हे पाणी गार होतं, खोल विहिरीचं असतं तसं. त्या फरशीखाली पाइप नव्हता. खालच्या दुकानात जाऊन छत पाहिलं, ते कोरडं ठणठणीत होतं. पाणी कुठून आलं, हे मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच सांगता आलं नाही.

गाडीत मी अंकुशला म्हटलं, "आपण पोचलो तेव्हा दोन्ही घरं कोरडी होती."

"मंग? चांगलंच हाये न. पहिले पोचलो."

"अंकुश, मी काय म्हणते ते कळतंय का तुला?"

"ताई, काम भेटून राहिलं न? तुले काहून टोचून राहिलं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे त्यालाही टोचत होतं.

तिसरा पत्ता लक्ष्मीनगरचा आला तेव्हा मी जायचं नाही असं सांगितलं. अंकुश चिडला, गाडीची किल्ली टेबलावर टाकून निघून गेला. संध्याकाळी मी एकटी, मशीन न घेता, स्कूटरवर गेले आणि फाटकाबाहेरच उभी राहिले. हिमानी नावाची तरुण बाई बाहेर आली.

"किती वाट पाहिली तुमची! शेवटी सगळं सामान परत खाली ठेवलं. काय झालं होतं हो आमच्या घरात?"

"काही नाही," मी म्हटलं. उघड्या दारातून हॉल दिसत होता. तिची मुलगी फरशीवर रांगत होती, एका वाटीमागे. फरशी कोरडी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हाही कोरडीच होती.

हातच्या काकणाला आरसा कशाला? आम्ही गेलो की पाणी येत होतं. नाही गेलो की येत नव्हतं. मला भीती वाटली. पाण्याची कमी, आमचीच जास्त.

तरी मी लगेच नाही म्हटलं नाही. दोन्ही बाजूंनी विचार केला. पाणीच तर आहे, कोणाला इजा झाली नाही, घर आपण पहिल्यासारखं करून देतो, आणि अंकुश इथं राहतो. बाबांच्या पाठीला जखमा होणार नाहीत. एवढ्या जमेच्या गोष्टी होत्या. पण ती पोर माझ्या डोळ्यांपुढून जाईना. शेवटी हे काम नको, असं मी अंकुशला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक हाये. पुण्याले कळवतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

मी वामनरावाला फोन केला.

"काहून ताई? काम पसंत नाही आलं काय?"

"आम्हाला नको."

"बरं." तोही रागावला नाही. "मंग तुमचा एरिया दुसऱ्याले देतो. घरं कोणासाठी थांबत नाहीत न."

मी फोन ठेवला आणि सुटले असं मला वाटलं.

अंकुशचं पुण्याचं तिकीट निघालं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं घरी निघालो, बाबांना उठवायला. ऊन डोळ्यांत खुपत होतं. गल्लीत वळलो तर आमच्या फाटकापुढे एक पांढरी गाडी उभी होती. तिच्यावर नाव नव्हतं. मागचं दार उघडं होतं आणि आत पाइपची वेटोळी नीट रचून ठेवलेली होती.

आई अंगणात आली. "भावना, तू काहून आली वं? तुमची माणसं तं केव्हाचीच आली."

"कोणती माणसं, आई?"

"सकाळी फोन नव्हता आला का? सामान वर घ्या म्हणे. मी डबे वर ठेवले, चटया गुंडाळल्या. लय चांगल्या बोलीचा माणूस होता." मग तिचा आवाज जरा उतरला. "पण तुह्या बाबाले कोण उचलणार? त्यांची गादी खालीच राहिली."

अंकुश धावला. मी त्याच्यामागे.

हॉल कोरडा होता.

कूलरला लावलेल्या खसच्या ताट्यांचा वास होता. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती कूलरच्या वाऱ्यानं विझलेली होती. बाबा गादीवर होते तसेच पडलेले होते. उजवा हात मात्र गादीबाहेर काढून त्यांनी फरशीवर पालथा ठेवला होता.

भिंतीजवळ खुर्च्यांवर दोन माणसं बसली होती. स्वच्छ इस्त्रीचे कपडे, मांडीवर टोप्या. आमच्याकडे पाहून दोघंही ओळखीचं हसले.

"पहिले आमी पोचलो, ताई," एक म्हणाला.

"बाहेर व्हा," मी म्हटलं.

"जातो न. काम झालं की जातो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लकव्यानंतर त्यांचा शब्द जड येतो, पण हा स्पष्ट आला.

"गार," ते म्हणाले.

अंकुश खाली बसला. उचलायला नेहमी घालतो तसा त्यानं बाबांच्या पाठीखाली, गादीच्या तळाशी हात घातला, आणि थांबला. हात बाहेर काढून त्यानं तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

भिंतीजवळच्या त्या दोघांनी चहाचे कप खालून उचलून हातात घेतले, आणि पाय खुर्चीवर घेतले.