उणे बेचाळीस

"आधी पाण्याचं रीडिंग घे, आबेदा. यंत्र शून्यावर आहे याची खात्री झाली, की मग स्वतःचं कौतुक कर."

माझे मार्गदर्शक धैर्यशील सर गेले, त्यांचं वाक्य राहिलं. पहाटे फजरची नमाज, कुराणाचं एक पान, सोमवार-गुरुवारचा रोजा आणि मग साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं ते टेबल, असं माझं आयुष्य.

वडूजपलीकडच्या माळावर एक झुडूप येतं. मेंढरांची पोटं फुगली की तिथल्या मेंढपाळ हरणाबाई त्याची मुळी उगाळून पाजतात. तिच्यातलं गुणकारी द्रव्य मी पीएच.डी.साठी वेगळं काढलं होतं. पुढं ठरवलं, मुळीला हात न लावता, साध्या रसायनांपासून हेच घडवायचं. एकोणीस पायऱ्या, बावीस वर्षं. जानेवारीत पात्राच्या तळाशी पांढरे, सुईसारखे स्फटिक उतरले. कुणाला काही बोलले नाही. शुकरान्याची, आभाराची, दोन रकात नमाज पढले. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

असे रेणू जोडीनं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखे. सगळं तेच, फक्त उलट. झाड त्यातला एकच घडवतं. माझ्या पद्धतीनं दोन्ही निम्मे-निम्मे होतात. पोलरीमीटर या यंत्राच्या नळीत भरले, की एक प्रकाशाला डावीकडे वळवतो, दुसरा उजवीकडे, बेरीज शून्य. मुळीतल्या द्रव्याचं रीडिंग होतं उणे बेचाळीस. माझ्याचं शून्य यायला हवं होतं.

उणे बेचाळीस आलं.

पाण्याचं घेतलं. शून्य. सगळा प्रयोग सात वेळा केला, नमुना सांगलीला पाठवला. तिथंही उणे बेचाळीस. एकच हात निवडून घेईल असं त्या पात्रात काही नव्हतं. शोधनिबंध पाठवला, तर परीक्षकांचा विश्वास बसेना. त्यांनी नमुना मागितला. सात वेळचं मिळून माझ्याकडं अकरा ग्रॅम होतं, एका बाटलीत.

त्याच आठवड्यात हरणाबाई पदराच्या गाठीत मुळ्या घेऊन आल्या.

"आवं बाई, मुळी लागू पडंना. जानेवारीपास्नं नऊ मेंढरं गेली माजी."

"जुनी असेल."

"काल उपाटलीया. तुमच्या नळीला इचारा की! माजं कुठं खरं वाटतंय तुमास्नी."

मी हसले. द्रव्य काढायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्या पुन्हा आल्या तेव्हा नळी यंत्रात होती.

अधिक बेचाळीस.

पाणी, शून्य.

"काय म्हन्ती?"

"मुळी उलटली आहे."

त्यांना नवल वाटलं नाही. "उलटंल कशी? तिचं तुमी घेऊन आलायसा. समदं परत द्या. चिमूटभर बी मागं ठिवू नगा."

"ते मी घडवलंय, हरणाबाई. माझ्या हातांनी."

"व्हय, घडीवलंय की. म्हनून तर तुमीच द्यायचं."

"आणून देते," मी म्हटलं.

त्या गुरुवारी रोजा सोडताना माझी भाची सबा हसली. "फुफी, डाव्या हातानं?"

खजूर खरंच डाव्या हातात होता. अर्धा खाल्लेला.

शुक्रवारी परीक्षकांचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत नमुना मिळाला तरच निबंध स्वीकारू. बाटली कपाटात ठेवून मी कुलूप लावलं. बावीस वर्षांचा एकच पुरावा होता तो.

शनिवारी सकाळी हरणाबाईंचा फोन. "आनि दोन पडली, बाई." एवढंच सांगून त्यांनी ठेवला.

मी कॉलेजात गेले, कपाट उघडलं. बाटली रुमालात गुंडाळून घरी आणली. परीक्षकांना कळवलं, नमुना उपलब्ध नाही. वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण मान ताठच होती. जगाला दाखवता येणार नाही एवढंच. घडवलं होतं मीच.

सबा अंघोळीला गेली होती. वडूजला जाते, संध्याकाळपर्यंत येईन, अशी दोन ओळींची चिठ्ठी तिच्या टेबलावर ठेवली. बाटली पर्समध्ये टाकली, डोक्यावर ओढणी घेतली.

दाराशी चप्पल घालताना मागं पाहिलं. सबा केस पुसत बाहेर आली होती आणि कपाळाला आठी घालून चिठ्ठी आरशासमोर धरून वाचत होती.

मी आवाज न करता कडी काढली आणि स्टँडची वाट धरली.