ग्लिसरीनची बाटली

मोबाईल उलटा ठेव आधी. आणि तू, खिदळायचं असेल तर बाहेर जा. मला थापा मारता येत नाहीत. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलं.

साडू सिनेमातल्या एका बाईंचा रंगारी. म्हणजे मेकअपवाला. बाई पडद्यावर रडल्या की अख्खं थेटर नाक पुसायचं. पण बाईंना खरं रडूच यायचं नाही. पोटची पोर गेली तेव्हापासून डोळे कोरडे ठाक. मग साडू डोळ्यांखाली ग्लिसरीन लावायचा. लावण्याआधी बोटावर घेऊन चाटायचा. ग्लिसरीन गोड असतं. दुकानदार पाणी मिसळतात, चोर लेकाचे.

कमावलं ते बाईंनी आंधळ्या पोरींच्या वसतिगृहात घातलं. पैसे टाकून फोटो काढणाऱ्यांतल्या नव्हत्या. शनिवारी रात्री स्वतः जायच्या, वेण्या घालायच्या, धाकटीला थोपटून निजवायच्या. या धाकटीला सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी ठरायची नाही म्हणून.

बाई एका गुरुवारी गेल्या. शनिवारी रात्री दहाला वसतिगृहातल्या मावशींचा साडूला फोन.

"भिंगरीला सांगायची छाती होत नाही हो. गावाला गेल्यात म्हटलंय. परवापासून पोरीच्या पोटात दूध नाही की पाणी नाही. डॉक्टर म्हणतात, उद्या दवाखान्यात हलवा. बाईंची शाल तरी आणा."

साडू शाल घेऊन गेला. शेवटच्या खाटेवर पोर, भिंतीकडे तोंड करून. साडूला वाटलं, हिला दिसत नाही, शालीला बाईंच्या क्रीमचा वास आहे. आजची रात्र निभेल. शाल स्वतःच पांघरली, उशाशी बसला, थोपटायला लागला. जन्मभर दुसऱ्यांना सोंगं चढवली, आता स्वतः चढवलं. येडा.

पोर उताणी झाली. हसली.

"काका..."

साडूचा हात थांबला.

"काका, उठा ना. बाईंना बसू द्या. केव्हाच्या उभ्या आहेत."

...

साडू उठला. शाल तिथेच पडली. मागे मागे सरकला. पाठ दाराला लागली.

खाट कुरकुरली.

उशाशी गादी खचली. कोणी नव्हतं.

"वेणी नको, बाई. थोपटा फक्त."

पोरीने तोंड उशाकडे वळवलं.

"आता नाही येणार?"

...

उत्तर आलं असेल. साडूला नाही ऐकू आलं. पोरीने मान हलवली. एकदाच.

"बरं... उठल्यावर पिईन दूध."

आणि झोपली.

सकाळी प्याली हं. आणखी मागून प्याली. पण मी रात्रीचं सांगतोय.

गादी वर आली तसा साडू शाल उचलायला गेला. पोरीच्या कपाळावर एक थेंब. तिचे डोळे मिटलेले, कोरडे. थेंब ऊन होता अजून.

सवय मेली. बोटाने टिपला. चाटला.

खारट.