हळदीचे पन्नास सेकंद

सहामाहीचा शेवटचा पेपर संपला होता. शौनक आणि चैत्राली सायकली घेऊन गांधारी नदीच्या पुलावर वल्लरीची वाट बघत होते आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाबांनी तिला प्रयोगशाळेत अडवून ठेवलं होतं.

"हळदीला बघून जा गं."

हळदी म्हणजे नाते गावाच्या वाटेवर कुजक्या ओंडक्यावर सापडलेला पिवळा, बुळबुळीत जीव. तो काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर राहायचा आणि ओट खायचा.

"बुरशी म्हणू नकोस. एवढी पसरलीय तरी एकच पेशी आहे. शिरा आवळतात, सैलावतात, आणि आतला रस एकीकडे धावतो, थबकतो, उलटा फिरतो. किती सेकंदांनी फिरतो ते मोज."

वल्लरीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मन मात्र पुलावर होतं.

"पन्नास," तिने ठोकून दिलं.

बाबांनी खुशीत वहीत लिहिलं: पन्नास, वल्लरी.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून येताना त्यांच्या स्कूटरला ट्रकने उडवलं.

तेरावा झाला, दिवाळी आली. घराला कंदील लागला नाही. फराळाचे डबे शेजारून आले आणि तसेच राहिले. एका सकाळी शौनक दारात उभा राहिला.

"चल. मुरारी सर प्रयोगशाळा धुवायला निघालेत. हळदी तिथेच आहे."

तिघं पोचले तेव्हा बशी रिकामी होती.

"सर, हळदी फेकलीत?"

"मी कशाला हात लावतोय त्या बुरशीला? उंदराने खाल्ली असेल," फिनेलची बाटली हलवत मुरारी सर म्हणाले. "सरका. कपाट पुसायचंय."

"उंदीर जाताना बशी चाटूनपुसून ठेवतो होय?" चैत्राली पुटपुटली. बशीच्या कडेवरून कपाटावर एक वाळकी, चकचकीत रेघ गेली होती.

शौनकने ती पाहिली. "सर, खाली काशीरामकाकांचा चहा गार होतोय."

सर लगबगीने उतरले. चहा खरा होता, पण शिपाई काशीरामकाकांनी तो स्वतःसाठी आणला होता.

रेघ ओटांच्या डब्यामागे संपली. तिथे टिपकागदांच्या गठ्ठ्यावर नारिंगी पापुद्रा वाळून बसला होता.

"इतके दिवस कुणी खायला घातलं नाही," वल्लरी म्हणाली. "तीच खाणं शोधत निघाली."

"मेली गं," चैत्राली म्हणाली.

"नाही. बाबा म्हणायचे, ती वाळून झोपते."

त्यांनी तो कागद ओला करून बशीत ठेवला. दुसऱ्या दुपारी त्यातून पिवळे धागे फुटले होते. मुख्याध्यापिका विनोदिनीबाईंनी मुरारी सरांकडून फिनेलची बाटली काढून घेतली आणि बाबांची वही उघडली.

"शाब्बास, पोरांनो. आणि वल्लरी, ही तुझी नोंद प्रदर्शनात लावायची. पन्नास. बापाची शिस्त आहे हो तुझ्यात."

वल्लरी सूक्ष्मदर्शकाशी बसली होती. रस धावत होता. ती मोजत होती. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. चौसष्टला तो थबकला आणि उलटा फिरला. तिने पुन्हा मोजलं. सदुसष्ट.

तिने भिंगावरून डोळा हलवला नाही.

"बाबा, ते पन्नास खोटे होते," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मी मोजलंच नव्हतं. मला पुलावर जायचं होतं."